टक्क्यांचं उत्तर दर वेळी वेगळं का येतं? दोन आकड्यांमधला बदल काढताना होणारे नेहमीचे घोळ आणि त्यांचे उपाय

22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि तेव्हापासून एकच हिशोब लोक परत परत विचारतात. टॅक्स 10 टक्के कमी झाला ना, मग 40 हजारांचा एसी 36 हजारांना मिळायला हवा, दुकानदार तर 36,875 सांगतोय, म्हणजे मधले 875 रुपये त्याने खिशात घातले का? नाही घातले हो. दुकानदाराचा आकडा बरोबर आहे. जुन्या 40 हजारांत टॅक्स धरलेलाच होता, तो बाहेर काढला की मूळ किंमत उरते 31,250, तिच्यावर 28 टक्के म्हणजे 8,750 लावले की 40 हजार होतात. आता त्याच 31,250 वर 18 टक्के लावा, 5,625 येतात, बेरीज 36,875. म्हणजे कमी झाले 3,125 रुपये आणि 40 हजारांच्या मानाने ते होतात 7.8 टक्के. टॅक्सचे ते 10 टक्के 31,250 चे होते, आपण ते 40 हजारांवर लावून बसलो.

तुपाचंही तेच झालं. 12 चा 5 झाला, सगळ्यांना वाटलं 7 टक्के स्वस्त. समजा 672 ला मिळणारं तूप असेल तर त्याची मूळ किंमत 600, नवीन भाव 630, कमी झाले 42 रुपये म्हणजे सव्वासहा टक्के.

मी एमआयएस रिपोर्टचं, म्हणजे कंपनीचे आकडे साहेबांपुढे मांडायचं काम करते, दिवसभर हेच आकडे डोळ्यापुढे असतात, आणि ऑफिसात काय घरात काय, टक्केवारीवरून जेवढे वाद मी ऐकते त्यातल्या बहुतेक वादांत दोन्ही बाजूंचं गणित बरोबर असतं, फक्त दोघांनी टक्के वेगवेगळ्या आकड्याचे काढलेले असतात. म्हणून कुठलाही टक्क्याचा आकडा पटेनासा झाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे कशाचे टक्के आहेत? बेस कुठला धरलाय? खाली जे जे घोळ लिहिलेत ते जवळपास सगळे याच एका प्रश्नाने सुटतात, काही मात्र एक्सेल शीटचे आहेत, ते वेगळे सांगते.

आधी साधा हिशोब

नवीन आकडा वजा जुना आकडा, जे येईल त्याला जुन्याने भागा, 100 ने गुणा. लाइटबिल 1,600 होतं, 2,000 आलं, फरक 400, भागिले 1,600, म्हणजे 25 टक्के वाढ. पुढच्या महिन्यात 2,000 चं परत 1,600 झालं तर फरक तोच 400, पण आता भागायचं 2,000 ने, म्हणून घट 20 टक्के. इथेच बरेच जण अडकतात, 25 ने वाढलं आणि 20 नेच कमी झालं तर जागेवर कसं आलं म्हणतात. रुपये तेच आहेत, वाढताना ते लहान आकड्याच्या तुलनेत मोजले आणि उतरताना मोठ्या आकड्याच्या.

फोनवर करायचं असेल तर माझ्या मते याहून सोपी रीत आहे, ती सवयीची करून घ्या. सरळ नवीन भागिले जुनं करा. 2,000 भागिले 1,600 म्हणजे 1.25, एकच्या वर जे उरलं ते 0.25 म्हणजे 25 टक्के वाढ. उत्तर एकपेक्षा कमी आलं, समजा 0.8, तर एकला जेवढं कमी पडलं तेवढी घट, म्हणजे 20 टक्के. कंस नको, वजाबाकी आधी की भागाकार आधी ही भानगड नको, आणि पुढे टक्क्यांवर टक्के चढतात तेव्हा हाच गुणक कामाला येतो.

आणि उत्तर आलं की उलटं करून बघा. जुन्याला त्या गुणकाने गुणलं की नवीन आलंच पाहिजे. 1,600 गुणिले 1.25, आले 2,000, विषय संपला. एवढी एक तपासणी कुणी करत नाही आणि मग मीटिंगमध्ये अर्धा तास जातो.

जेवढं पडलं तेवढं चढलं, तरी पैसे भरून का निघत नाहीत

हा प्रश्न शेअर मार्केटवाल्यांचा. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934.72 अंकांनी पडून 25,981.24 वर बंद झाला, आदल्या सत्रात तो 29,915.96 वर होता, घट 13.15 टक्के. आता तिथून आदल्या सत्राच्या जागी परत जायचं तर 13.15 टक्के वाढून पुरत नाही, 15.14 टक्के वाढ लागते, कारण चढायची सुरुवात 25,981 पासून होते. आणि घसरण जेवढी मोठी तेवढा हा फरक भयंकर वाढत जातो. 10 टक्के पडलं तर 11.1 लागतात, 20 ला 25, 50 टक्के पडलं तर 100 टक्के, 80 टक्के पडलेल्या शेअरला मूळ भावाला यायला 400 टक्के वाढावं लागतं. कुणी सांगत असेल की गेल्या वर्षी 50 टक्के लॉस होता पण या वर्षी 60 टक्के प्रॉफिट आहे म्हणजे एकूण 10 टक्के फायद्यात, तर लाखाचे पन्नास हजार झाले आणि पन्नासचे ऐंशी, अजून वीस हजार रुपये खड्ड्यातच आहेत. टक्क्यांची अशी बेरीज करायचीच नसते, गुणकांचा गुणाकार करायचा असतो, 0.5 गुणिले 1.6 बरोबर 0.8.

सेलमधलं 50 अधिक 20 टक्के डिस्काउंट हेच. 70 टक्के नाही, 60 टक्के, कारण नंतरचे 20 उरलेल्या निम्म्यावर मिळतात, 0.5 गुणिले 0.8 म्हणजे 0.4 भरायचे. तसंच आधी 20 टक्के भाव वाढवून मग 20 टक्के सूट दिली तर गिऱ्हाइकाला प्रत्यक्षात 4 टक्केच स्वस्त पडतं.

डीए 3 टक्के वाढला, मग पगार 3 टक्के का नाही वाढला

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, कारण यात एकाच घटनेला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता म्हणजे डीए जुलै 2024 पासून 50 वरून 53 टक्के झाला. बेसिक 40,000 धरा आणि बाकीचे भत्ते सध्या बाजूला ठेवा. आधी डीए मिळायचा 20,000, वाढीनंतर झाला 21,200. वाढ 1,200 रुपये. आता बघा, हे 1,200 रुपये बेसिकच्या मानाने 3 टक्के आहेत, जुन्या डीएच्या मानाने 6 टक्के आहेत, आणि बेसिक अधिक डीए म्हणजे 60,000 च्या मानाने 2 टक्के आहेत. युनियनवाला म्हणेल 3, हेडलाइनवाला 6 पण लिहू शकतो, आणि बायको पासबुक बघून म्हणेल 2 टक्केच तर वाढले. कुणीच खोटं बोलत नाहीये. म्हणून बातमीत नुसतं "इतके टक्के वाढ" वाचून पुढे जाऊ नका, रुपये किती आणि कशावर, हे दोन्ही बघा.

ज्या गोष्टी मुळातच टक्क्यांत मोजतात, म्हणजे व्याजदर, डीए, मतदान, परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण, त्यांचा बदल सांगताना हा घोळ हमखास होतो. 50 वरून 53 याला 3 पर्सेंटेज पॉइंट वाढ म्हणायचं आणि 6 टक्के वाढ म्हणायचं, दोन्ही चालतं, पण 3 टक्के वाढ म्हटलं की ऐकणारा गोंधळतो. रिझर्व्ह बँक म्हणूनच बेसिस पॉइंटमध्ये बोलते, 100 बेसिस पॉइंट म्हणजे 1 पर्सेंटेज पॉइंट. मे 2022 च्या वाढीआधी रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये तो 6.5 वर गेला, म्हणजे 250 बेसिस पॉइंट, पण जुन्या दराच्या तुलनेत ही वाढ साडेबासष्ट टक्के होते.

आता त्यावरचा पुढचा प्रश्न, जो होम लोनवाले विचारतात, की व्याज अडीच टक्के वाढलं तर हप्ता अडीच टक्केच वाढायला हवा ना? अजिबात नाही. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, दर 7 चा साडेनऊ झाला असं धरा. हप्ता साधारण 23,259 वरून 27,964 वर जातो, वाढ 4,705 रुपये, म्हणजे 20 टक्क्यांच्या थोडी वरच. दर वाढला 2.5 पॉइंटने, दराच्या तुलनेत बघितलं तर जवळपास 36 टक्के, आणि हप्ता वाढला 20 टक्के, कारण हप्त्यात मुद्दलाचाही भाग असतो आणि मुद्दल काही वाढलेलं नसतं. कित्येकांचा हप्ता तेवढाच राहतो आणि मुदत लांबते, तेव्हा तर टक्के दिसतच नाहीत, वर्षं मोजावी लागतात.

महागाई कमी झाली म्हणतात, मग बाजारात का दिसत नाही

महागाईचा दर हा स्वतःच एक टक्केवारी बदल आहे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना. ऑक्टोबर 2024 मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर 6.21 टक्के होता, ऑक्टोबर 2025 मध्ये तो 0.25 टक्क्यावर आला. वाचणाऱ्याला वाटतं भाव सहा टक्क्यांनी उतरले. गुणक लावून बघा, ऑक्टोबर 2023 ला जी टोपली 100 रुपयांची होती ती वर्षात 106.21 ची झाली आणि त्यानंतरच्या वर्षात साधारण 106.48 ची. म्हणजे भाव मोडला नाही, नुसता चढायचा थांबला, आणि आधीच्या वर्षी तो खूप वर गेलेला असल्यामुळे तुलनेला बेसच मोठा मिळाला. यालाच बेस इफेक्ट म्हणतात. ही सगळी सरासरी आहे, आतमध्ये भाज्या उतरल्या असतील, सोनं चढलं असेल, त्यामुळे तुमच्या घरच्या टोपलीचा आकडा वेगळा येणारच.

कांद्याच्या बातम्यांतही मला नेहमी खटकतं ते "पट" आणि "टक्के" यांची सरमिसळ. लासलगावला भाव समजा क्विंटलला 1,200 होता आणि 3,000 झाला, तर तो अडीचपट झाला आणि वाढ झाली 150 टक्के. 250 टक्के वाढ लिहिली तर भाव 4,200 व्हायला हवा. दुप्पट म्हणजे 100 टक्के वाढ, तिप्पट म्हणजे 200 टक्के, कायम एक पट वजा करायची. उतरताना मात्र 100 टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही, 100 टक्के घट म्हणजे शून्य, त्यामुळे "भाव 150 टक्क्यांनी कोसळला" असं कुठे दिसलं तर ते चुकीचंच आहे, 3,000 वरून परत 1,200 म्हणजे घट 60 टक्के.

अनेक वर्षांची वाढ आणि सरासरी

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 9,68,78,627 होती, 2011 मध्ये 11,23,74,333, दहा वर्षांत 15.99 टक्के वाढ. वर्षाला किती म्हटलं की लोक दहाने भागून 1.6 सांगतात. पण 1.6 टक्के दर वर्षी वाढत गेलं असतं तर दहा वर्षांत वाढ 17.2 टक्के झाली असती, कारण प्रत्येक वर्षी बेस मोठा होतो. बरोबर आकडा साधारण 1.49 येतो. काढायचा कसा, तर एकूण गुणक 1.1599, त्याचं दहावं मूळ, शीटमध्ये घात 1 भागिले 10 टाकायचा आणि एक वजा करायचा. दोन-तीन वर्षं आणि छोटी वाढ असेल तर भागाकाराने फार बिघडत नाही, पण म्युच्युअल फंडाचं दहा वर्षांचं रिटर्न असं भागून काढू नका, तिथे फरक फार मोठा पडतो.

त्याच जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 झाली, सिंधुदुर्गही थोडं घटलं. रत्नागिरीचा बदल उणे 4.82 टक्के. आता हे लिहिताना "उणे 4.82 टक्के घट" लिहू नका, घट म्हटलं की उणे आलंच, दोन्ही लिहिलं की वाचणारा वाढ समजू शकतो. एक तर "बदल उणे 4.82" नाही तर "घट 4.82".

टक्क्यांची सरासरी हा अजून एक त्रास. एका शाखेची विक्री 10 नगांवरून 20 झाली, 100 टक्के वाढ, दुसरीची 1,000 वरून 1,010, म्हणजे 1 टक्का. सरासरी काढली तर साडेपन्नास टक्के, आणि ऐकायला झकास वाटतं, पण कंपनीची विक्री 1,010 वरून 1,030 झाली आहे, वाढ 2 टक्केसुद्धा नाही. आधी मूळ आकड्यांच्या बेरजा करा, मग एकदाच टक्के काढा. लहान बेसवरचे टक्के नेहमी फुगलेले दिसतात, त्यांच्या शेजारी मूळ आकडा लिहायचाच.

व्यापाऱ्यांसाठी एवढंच, 100 ची खरेदी आणि 125 ला विक्री असेल तर नफा खरेदीवर 25 टक्के आणि विक्रीवर 20 टक्के. पार्टनरशी बोलताना कुठल्यावर ते आधी ठरवा. आणि बिलातून जीएसटी मागे काढताना 1,180 मधून 18 टक्के वजा करू नका, बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरवर ते 967.60 येतं आणि ते चूक आहे, 1.18 ने भागा, बरोबर 1,000 येतील.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये उत्तर वेडंवाकडं येतंय

25 च्या जागी 2500 टक्के दिसतंय? फॉर्म्युल्यात 100 ने गुणलंय आणि सेललाही टक्क्यांचं फॉरमॅट दिलंय, दोन्हीपैकी एकच ठेवा, मी म्हणेन गुणाकार काढा.

उत्तर मूळ आकड्याएवढंच भलंमोठं, म्हणजे वरच्या लाइटबिलाचं 1,999 वगैरे येतंय? कंस राहिलाय. शीट आधी भागाकार करते, मग वजाबाकी, म्हणून नवीन वजा जुनं हे कंसात घ्या, किंवा सरळ नवीन भागिले जुनं, वजा एक.

फॉर्म्युला खाली ओढला आणि प्रत्येक महिन्याची तुलना जानेवारीशी हवी होती पण मागच्या महिन्याशी होतेय, तर जानेवारीच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावून लॉक करा, एक्सेलमध्ये एफ4 दाबलं की लागतं. उलटा प्रकारही होतो, लॉक राहून जातो आणि महिनावार बदल म्हणून जानेवारीपासूनचा बदल छापला जातो, आणि आकडे बघून शंकाही येत नाही कारण दिसायला सगळे व्यवस्थित असतात. कॉलमच्या हेडिंगमध्येच "जानेवारीच्या तुलनेत" किंवा "मागील महिन्याच्या तुलनेत" असं लिहून टाका.

पुढच्या महिन्यांत सगळीकडे उणे 100 टक्के दिसतंय, तर ते सेल अजून रिकामे आहेत, शीट त्यांना शून्य धरते. इफ लावा, सेल रिकामा असेल तर उत्तरही रिकामं.

व्हॅल्यूचा एरर येतोय, तर आकडा टेक्स्ट म्हणून बसलाय, पीडीएफमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी केला की मागे स्पेस किंवा रुपयाची खूण चिकटून येते. आकडा सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला असेल किंवा एक्सेलमध्ये कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असेल तर हेच. याचा जास्त धोका बेरजेत आहे, कारण सम फॉर्म्युला रेंजमधले टेक्स्ट आकडे एरर न देता गुपचूप सोडून देतो, बेरीज कमी येते, आणि त्या कमी बेसवर काढलेले टक्के वाढलेले दिसतात.

डिव्ह झिरोचा एरर म्हणजे जुना आकडा शून्य. मागच्या वर्षी नवीन प्रॉडक्टची विक्री शून्य होती, या वर्षी 5 लाख, साहेबांना वाढ टक्क्यांत हवीय. शून्यापासूनची वाढ टक्क्यांत सांगताच येत नाही, 100 टक्के लिहिलं तर ते दुप्पट झाल्यासारखं वाचलं जाईल आणि ते खोटं आहे. एररच्या जागी आपल्याला हवं ते छापणारा इफएरर फॉर्म्युला लावून तिथे "नवीन" छापा आणि रुपयांतली वाढ शेजारच्या कॉलममध्ये द्या. इफएररने 0 मात्र छापू नका, 0 चा अर्थ बदल नाही असा होतो.

आणि सगळ्यात फसवा प्रकार, जुना आकडा उणे असतो तेव्हाचा. मागच्या वर्षी 2 लाख तोटा, या वर्षी 3 लाख नफा, फरक 5 लाख, त्याला उणे 2 ने भागलं की उत्तर उणे 250 टक्के, म्हणजे धंदा सावरला आणि रिपोर्टमध्ये लाल रंगात घसरण. इथे शीट कसलाही एरर देत नाही, म्हणून हे नजरेतून सुटतं. काही जण खालच्या आकड्याला एबीएस लावून चिन्ह काढून टाकतात, मग अधिक 250 येतं, दिशा बरोबर दिसते, पण दुसऱ्या शाखेचा तोटा फक्त 10 हजार असेल आणि तीही 3 लाख नफ्यात आली तर तिथे 3,100 टक्के येतील आणि साहेब तिलाच जास्त शाबासकी देतील, खरी मेहनत मोठ्या तोट्यातून वर आलेल्या शाखेची असली तरी. मी अशा ओळीत टक्के देतच नाही, जुना आकडा शून्य किंवा उणे असेल तर इफने "लागू नाही" छापून घेते आणि पुढे लिहिते, 2 लाख तोट्यातून 3 लाख नफ्यात, सुधारणा 5 लाख रुपये.